शेजारी गोल आधी का होतो?

प्रश्न : आमच्या घरी केबल आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या घराच्या गच्चीवर फ्री डिशची छत्री आहे, आणि आमचा मुलगा सगळं मोबाइलवर बघतो. मोठी मॅच असली की आमच्या घरात एकच गोल दोनदा होतो. एकदा टीव्हीवर आणि चांगला अर्धा मिनिट उलटल्यावर मोबाइलवर. शेजारी कधी आमच्या आधी ओरडतात, कधी नंतर. दुसरं म्हणजे, डीडी स्पोर्ट्सवर त्यांना जी मॅच फुकट दिसते ती आमच्या केबलवर त्याच चॅनेलला दिसत नाही, तिथं जुनी कुस्ती नाहीतर कबड्डी चालू असते. पैसे आम्ही भरायचे आणि मॅच त्यांना दिसायची, हे कामून? फुटबॉल वर्ल्डकपची फायनल खरोखर लाइव्ह बघायची तर देगलूरच्या माणसानं काय करावं? चौकात पडदा लावायचं पोरांच्या डोक्यात आहे, तेही जमेल का ते सांगा.
— एक वाचक, देगलूर

उत्तर : खरोखर लाइव्ह बघायची तर स्टेडियममध्ये जाऊन बसायला हवं. पडद्यावरची प्रत्येक मॅच शिळी असते. किती सेकंदांनी शिळी, एवढाच काय तो फरक. स्टेडियमचं शेवटी बोलू. देगलूरकरांना तो रस्ता वाटतो तेवढा लांबचा नाही. आधी तुमची तक्रार घेतो, कारण तिच्यात राग जास्त आहे.

यात तुमच्या केबलवाल्याचा काडीचाही दोष नाही. त्याला फोन करून चार शब्द सुनावले असतील तर ते वाया गेले. हे भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं आहे, आणि त्याचा उगम शोधत गेलं तर आपण नागपूरला पोचतो. २००७ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ भारतात आला होता. पहिला एकदिवसीय सामना २१ जानेवारीला नागपुरात झाला. प्रक्षेपणाचे हक्क निंबस कंपनीकडे होते, तिचं निओ स्पोर्ट्स हे चॅनेल तेव्हा नवंकोरं होतं, आणि दूरदर्शनशी तिचं काही जमेना. म्हणजे ज्यांच्या घरी फक्त दूरदर्शन त्यांना भारताची मॅच लाइव्ह नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथं तोडगा निघाला तो असा, की दूरदर्शनने मॅच दाखवावी, पण सात मिनिटं उशिरा! सहा चेंडूंची एक ओव्हर चार मिनिटांत संपते. शेजारच्या घरात विकेट पडून पुढचा फलंदाज मैदानात आलेला, आणि आपल्याकडे गोलंदाज अजून धावतो आहे, अशी ती तऱ्हा. सरकारने लगेच फेब्रुवारीत अध्यादेश काढला आणि त्याचाच पुढे कायदा झाला.

त्या कायद्याचा मथितार्थ सरळ आहे. सरकारने ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ म्हणून जाहीर केलेली स्पर्धा भारतात कुणालाही खासगी चॅनेलवर लाइव्ह दाखवायची असेल, तर त्याने तेच चित्र त्याच वेळी, आपल्या जाहिराती काढून, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला दिलं पाहिजे. दूरदर्शन त्यात स्वतःच्या जाहिराती घालणार आणि त्या उत्पन्नातले किमान ७५ टक्के हक्क विकत घेणाऱ्याला देणार. रेडिओसाठी हीच वाटणी निम्मी-निम्मी. या यादीत बहुतांशी क्रिकेट आणि ऑलिंपिक असणार असं आपल्याला वाटतं, पण फुटबॉलही आहे. वर्ल्डकपचा उद्घाटनाचा सामना, उपांत्यपूर्व फेरी, उपांत्य फेरी आणि फायनल त्यात आहेत. आणि संतोष ट्रॉफीची उपांत्य फेरी आणि फायनलही आहे. संतोष ट्रॉफीचं नाव लक्षात असू द्या, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता तुमच्या कुस्तीचं कोडं. केबलच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक केबलवाल्याला दूरदर्शनची ठरावीक चॅनेल दाखवावीच लागतात. त्यामुळे प्रसार भारतीला फुकट मिळालेली मॅच दूरदर्शनच्या चॅनेलवरून केबलवर यायची, खासगी डिशवर यायची, आणि मग महागडं स्पोर्ट्स चॅनेल घेतंय कोण? कोट्यवधी मोजून हक्क घेणारी कंपनी आणि हक्क विकणारं क्रिकेट बोर्ड, दोघंही कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो क्रिकेट वर्ल्डकपच्या तोंडावर आला म्हणून त्याला तात्पुरती स्थगिती मिळाली. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. निकालाचा अर्थ असा : वाटून मिळालेलं चित्र प्रसार भारतीने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून आणि स्वतःच्या डिशसेवेवरून दाखवायचं. खासगी केबलवाल्यांच्या आणि खासगी डिशवाल्यांच्या तारेत ते सोडायचं नाही.

प्रसार भारतीची स्वतःची डिशसेवा म्हणजेच तुमच्या शेजाऱ्यांच्या गच्चीवरची फ्री डिश. म्हणून मॅचच्या वेळी एकाच नावाच्या चॅनेलवर दोन चित्रं चालू असतात. छत्रीवर मॅच आणि केबलवर कुस्ती. जमिनीवरच्या ट्रान्समीटरचं म्हणाल तर तो भाग आता कागदावरच राहिला. गच्चीवर बांबूला अँटेना बांधून, ‘आलं का? जरा डावीकडं!’ असं ओरडत ज्यावरून चित्र धरायचं, ते जुन्या पद्धतीचे मनोरे प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत जवळजवळ सगळे बंद करून टाकले.

निकाल तर्काला धरून आहे, हे मला मान्य आहे. ज्याला परवडत नाही त्याला मॅच दिसावी म्हणून कायदा केला, महिन्याला तीनशे रुपये केबलला देणाऱ्यासाठी नव्हे. पण देगलूर, मुखेड, बिलोलीकडे केबल घेणारा काही श्रीमंत म्हणून घेत नाही. गल्लीतून तार गेलेली असते म्हणून घेतो.

तेव्हा मला विचाराल तर फायनलपुरता सगळ्यात खात्रीचा मार्ग छत्रीचाच. फुकट आणि कायदेशीर, दोन्ही एकदम असलेला दुसरा मार्ग मला दिसत नाही. फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही. छत्री, वायर आणि बॉक्स मिळून दीड-दोन हजारांचा एकदाचा खर्च. बॉक्स घेताना एमपेग-४ चा मागा, जुन्या बॉक्सवर सगळी चॅनेल येत नाहीत. दिल्लीत तोडापूरला प्रसार भारतीचं भूकेंद्र आहे, तिथून चित्र जीसॅट-१५ या उपग्रहावर जातं. हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या माथ्यावर आहे. देगलूर साडेसत्त्याहत्तर अंशांच्या आसपास. म्हणजे तुमच्या गच्चीवरून छत्रीचं तोंड आग्नेयेला, आणि नजर क्षितिजापासून साधारण साठ अंश वर. आग्नेयेला चिंचेचं झाड किंवा कुणाचा तिसरा मजला उंच उठलेला असेल तर छत्री दुसऱ्या कोपऱ्यात न्या. बसवणाऱ्याला हे ठाऊक असतंच, पण आपण मान वर करून बघितलेलं बरं.

छत्रीचं एक दुखणं आहे. ज्या लहरींवर ती चालते त्या जोराच्या पावसात विरतात. वर्ल्डकपची फायनल बहुतेक वेळा जुलैत असते आणि जुलैत आपल्याकडे काय असतं ते सांगायला नको. पण सर आली आणि गेली की चित्र परत येतं. उलट लाइट गेली तर छत्रीवाल्याला घरचा इन्व्हर्टर पुरतो. केबलवाल्याचं तसं नाही. तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी वाटेतल्या खांबावरच्या त्याच्या पेटीला वीज हवी. ती पेटी बंद पडली की तुमचा टीव्ही चालू आणि पडदा निळा.

अर्थात हे फायनलचं आणि मोठ्या सामन्यांचं झालं. गटसाखळीतली मॅच, एखाद्या गुरुवारच्या रात्रीची, दूरदर्शनला देण्याची सक्ती नाही. ती बघायची तर ज्याच्याकडे हक्क आहेत त्याचं चॅनेल किंवा ॲप घ्यावं लागतं, आणि हे हक्क स्पर्धेगणिक फिरतात. २०१४ आणि २०१८ ला सोनीकडे होते. २०२२ ला व्हायकॉम१८ कडे गेले आणि त्यांनी जिओसिनेमावर सगळी स्पर्धा फुकट खुली केली. आताच्या चॅनेलचं नाव मी इथे मुद्दाम छापत नाही. आमच्या वाचकांना कात्रणं जपून ठेवायची सवय आहे, आणि चार वर्षांनी कुणीतरी तेच चॅनेल लावून बसायचं. सामना कुठे दिसणार हे आठवडाभर आधी केबलवाल्याला विचारा आणि तेवढं एक चॅनेल महिन्यापुरतं चालू करून घ्या. २०१९ पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमाने सुटं चॅनेल मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, अख्खं पॅकेज गळ्यात मारून घेण्याची गरज नाही.

आता गोल दोनदा का होतो ते.

उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर. वर जाऊन खाली यायचं म्हणजे ७२ हजार. प्रकाशाच्या वेगाने त्याला पाव सेकंद लागतो. म्हणजे दिरंगाई उपग्रहाची नाही. वेळ जातो तो चित्र दाबून लहान करण्यात आणि पुन्हा उलगडण्यात. मैदानावरच्या डझनावारी कॅमेऱ्यांचं चित्र आधी स्पर्धेच्या प्रसारण केंद्रात जातं. २०२२ ला ते दोह्यात होतं, २०२६ साठी डल्लासमध्ये. तिथून भारतातल्या हक्कदार कंपनीच्या स्टुडिओत, तिथे हिंदी-इंग्रजी समालोचन मिसळतं, मग उपग्रह. केबलवाल्याच्या बाबतीत मधे आणखी एक मुक्काम असतो. त्याचं मुख्य केंद्र ते चित्र उपग्रहावरून उतरवून घेतं, पुन्हा दाबतं आणि तारेतून सोडतं. दूरदर्शनचा मुक्काम वेगळा : हक्कदाराकडून आलेल्या चित्रात त्यांच्या जाहिराती भरायच्या असतात. प्रत्येक मुक्कामावर एक-दोन सेकंद गळतात. म्हणून छत्री आणि केबल यांच्यात थोड्या सेकंदांचा फरक राहतो, कधी या बाजूचा, कधी त्या बाजूचा. शेजारी कधी आधी, कधी नंतर ओरडतात त्याचं कारण हे.

मोबाइल मात्र नेहमी शेवटीच येणार. ॲपमध्ये मॅच सलग वाहत येत नाही. तिचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि फोन असे दोन-चार तुकडे हाताशी जमल्याशिवाय पहिला दाखवत नाही. दूधवाला किटली भरल्याशिवाय गल्लीत निघत नाही, तसं. मधेच रेंज गेली तर चित्र थांबू नये म्हणून ही तजवीज. तिची किंमत वीस ते चाळीस सेकंद. नेट कच्चं असेल तर त्याहून जास्त. २०२२ ला २० नोव्हेंबरला स्पर्धेचा पहिला सामना सुरू झाला आणि जिओसिनेमावर चाक फिरत राहिलं, देशभरातून तक्रारींचा पाऊस पडला. १८ डिसेंबरच्या फायनलपर्यंत गाडी रुळावर आली. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ती फायनल ३ कोटी २० लाख लोकांनी ॲपवर बघितली. अर्जेंटिना-फ्रान्स ३-३, आणि पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. समालोचन इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ आणि मल्याळममध्ये होतं. मराठीत नव्हतं. कोल्हापुरात पेठांच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं, वर्ल्डकपला चौकाचौकात मेस्सी-रोनाल्डोचे कटआउट उभे राहतात, अनिकेत जाधवसारखा पोरगा कोल्हापुरातून निघून २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळून येतो, तरी मराठीत समालोचन करावं असं कुणाला सुचलं नाही, हे मला अजून खटकतं.

मुलाला एवढं सांगा, की फायनलला मोबाइल बाजूला ठेवून तुमच्याबरोबर टीव्हीसमोर बसावं. आणि स्कोअर सांगणाऱ्या ॲपची घंटी बंद ठेवावी. त्या ॲपवाल्यांकडे आकडा येतो तो मैदानात बसलेल्या माणसाने बटण दाबून पाठवलेला. चित्रापेक्षा आकडा हलका, तो तुमच्या पडद्याच्या कितीतरी आधी पोचतो. समोर पेनल्टी मारणारा अजून चेंडू ठेवतोय आणि खिशात घंटी वाजून निकाल कळला, तर मग रात्र जागवून काय मिळवलं?

जागरणाचा हिशेबही नीट मांडून ठेवा, इथे चांगले-चांगले फसतात. २०१८ ची मॉस्कोतली आणि २०२२ ची कतारमधली, दोन्ही फायनल आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाल्या, जेवून बसायची वेळ. त्याआधी ब्राझीलमधली २०१४ ची मध्यरात्री साडेबाराला होती. २००२ ची, जपानची, तर दुपारी साडेचारला. २०२६ ची फायनल न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमवर तिथल्या १९ जुलैच्या दुपारी तीनची. आपल्याकडे ती रविवारची रात्र ओलांडून, म्हणजे तारीख २० जुलै, सोमवार, साडेबारा. जो कॅलेंडरवर ‘१९’ ला गोल करून शनिवारी रात्री जागेल तो रिकाम्या पडद्याकडे बघत बसेल, आणि जो ‘२०’ वाचून सोमवारी रात्री जेवण उरकून टीव्ही लावेल त्याला फक्त विजेत्यांची मिरवणूक दिसेल. सामना लवकर संपला तरी अडीच वाजणार. जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर सव्वातीन-साडेतीन. सोमवारी शाळा आहे, कचेरी आहे. ते ज्याचं त्याने बघावं.

अमेरिकेच्या बाजूचा वर्ल्डकप म्हणजे आपल्याला रात्रीचं जागरण, हे जुनंच आहे. १९८६ ला मेक्सिकोतली अर्जेंटिना-इंग्लंड मॅच आपल्याकडे २२ जूनला रात्री साडेअकराला सुरू झाली. मॅराडोनाचा तो हाताचा गोल ५१ व्या मिनिटाचा, म्हणजे इथे तारीख बदलून गेली होती. त्यानंतर चार मिनिटांनी त्याने अर्धं मैदान पळत जाऊन दुसरा केला. दूरदर्शनच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर तो ज्यांनी बघितला ते आज पन्नाशी-साठीत आहेत, आणि त्या घरात तेव्हा एक टीव्ही आणि गल्लीभर प्रेक्षक होते. गोल सगळ्यांना एकदम दिसायचा.

मध्यरात्रीच्या मॅचचा मोबाइलवाल्यांना मात्र एक फायदा. रोज दीड जीबी, दोन जीबी अशा पॅकमधला नवा दिवस रात्री बाराला सुरू होतो. म्हणजे साडेबाराला हातात कोरा कोटा. मधल्या दर्जाचं चित्र ठेवलं तर तासाला साधारण अर्धा-पाऊण जीबी जातो, दीड जीबीत नव्वद मिनिटं निघतात. एचडीवर ठेवलं तर मध्यंतरानंतर कधी दम तोडेल सांगता येत नाही. आणि टेलिग्रामवर कुणीतरी पाठवलेल्या फुकट लिंकच्या नादी लागू नका. अशा साइट बंद करण्याचे आदेश न्यायालयं आता स्पर्धेआधीच देऊन ठेवतात, त्यामुळे त्या ऐन वेळी मरतात. आणि ‘मॅच बघायला हे ॲप उतरवा’ म्हणून जे येतं, ते उतरवलेल्या फोनमध्येच बँकेचं ॲप असतं.

पोरांच्या पडद्याबद्दल. रविवारच्या मध्यरात्री चौकात पडदा लावायचा म्हणजे पोलीस ठाणं आणि नगरपरिषद दोन्हीकडे अर्ज लागेल, पण खरी अडचण आवाजाची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस सणा-उत्सवासाठी सवलत देऊ शकतं, तीही बारापर्यंतच. मॅच साडेबाराला. म्हणजे चौक बाद. त्याच नियमांत बंदिस्त सभागृहाला मुभा आहे, म्हणून मंगल कार्यालय धरा, प्रोजेक्टर भाड्याने आणा, आवाज दाराबाहेर जाऊ देऊ नका. प्रोजेक्टरला फ्री डिशचा बॉक्स जोडा. ॲप जोडू नका, ॲपच्या अटींत वैयक्तिक वापरापुरतंच असं लिहिलेलं असतं. आणि तिकीट लावू नका. फिफाच्या नियमांत तिकीट लावलं किंवा प्रायोजक घेतला की तो धंदा ठरतो आणि त्याला परवाना लागतो. पडद्यावर ‘अमुक कृषी सेवा केंद्र यांच्या सौजन्याने’ लिहिलं की झालाच प्रायोजक. वर्गणी काढायचीच तर ती चहाची काढा.

आता स्टेडियमचं. न्यू जर्सीला जायला सांगत नाही.

देगलूरच्या माणसाला मुंबई रात्रभराची. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपचे सामने झाले, ३० ऑक्टोबर २०२२ ला मुलींच्या वर्ल्डकपची फायनलही तिथेच झाली, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. गोव्यातलं फातोर्डा आणखी लांब. पण हैदराबाद? तुमच्याच रस्त्यावर. नांदेड-हैदराबाद महामार्ग गावातून जातो, दोनशेच्या आसपास किलोमीटर, मदनूर, पिटलम, जोगीपेठ, संगारेड्डी. आणि गच्चीबावलीचं स्टेडियम शहराच्या पश्चिमेला, म्हणजे आपल्या अंगाला आहे. संगारेड्डीकडून येणाऱ्याला चारमिनार-कोटीच्या गर्दीत शिरावं लागत नाही. स्वतःची गाडी असेल तर पटनचेरूला बाहेरच्या रिंगरोडवर चढायचं. एसटीने गेलात तर पटनचेरू-लिंगमपल्लीच्या बाजूला उतरा, शेवटच्या स्टँडपर्यंत जाऊ नका.

तिथे बघण्यासारखं काही होतं का, असं विचाराल. २०२४ चे शेवटचे चार महिने सांगतो. सप्टेंबरमध्ये भारत, सीरिया आणि मॉरिशस यांची इंटरकॉन्टिनेंटल कप स्पर्धा गच्चीबावलीत झाली. सीरियाने आपल्याला ३-० हरवलं. १८ नोव्हेंबरला भारत-मलेशिया, १-१. डिसेंबरमध्ये ७८ व्या संतोष ट्रॉफीची अंतिम फेरी हैदराबादेत, आणि ३१ डिसेंबरला फायनल, बंगाल विरुद्ध केरळ. सरकारच्या यादीतली ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ मॅच, देगलूरहून चार तासांवर, आणि आपल्याकडे बहुतेकांना पत्ता नाही. तेच डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी हैदराबादच्याच उप्पल स्टेडियमवर आला तेव्हा नुसता त्याला बघायला लोकांनी हजारोंची तिकिटं काढली. मेस्सी बघितला, पण खरी मॅच काही बघितली नाही.

देगलूरला हैदराबादच्या फुटबॉलबद्दल परकेपणा वाटायचं तसं कारणही नाही. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीसच्या संघाने मुंबईत जाऊन रोव्हर्स कप जिंकला, तेव्हा देगलूर हैदराबाद राज्यातच, म्हणजे आधीच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पुढे भारताचे झाले. ‘मैदान’ चित्रपट त्यांच्यावरचाच. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी रहीम यांचा संघ मेलबर्न ऑलिंपिकला उतरला, चौथा आला. त्याच्या वर भारतीय फुटबॉल ऑलिंपिकमध्ये कधी गेलं नाही.

गच्चीबावलीला पुढची मोठी मॅच लागली की तिकीट आधी काढून ठेवा आणि परतीची गाडी अशी धरा, की शेवटची दहा मिनिटं घड्याळाकडे बघावं लागू नये. त्या ३१ डिसेंबरच्या फायनलमध्ये नव्वद मिनिटं संपली तरी ०-० होतं. बंगालच्या रोबी हांसदाने गोल केला तो जादा मिनिटांत, ९४ व्या मिनिटाला. बंगालला ३३ वी संतोष ट्रॉफी मिळाली. शेवटच्या बससाठी जे पाच मिनिटं आधी उठले असतील, त्यांना तो गोल दुसऱ्या दिवशी मोबाइलवरच बघावा लागला असणार.